महिना २७ हजार आणि नागपुरात घर: धोरण हात कुठं देतं, पाय कुठं ओढतं?

हिंगणा_टी_पॉइंट (धागाकर्ता)

मागच्या धाग्यात 'पगारच वाढत नाही' आणि 'जमिनीच महागल्या' असे दोन तट पडले, धुरळा उडाला आणि आकडा एकानेही मांडला नाही. इथं उलटं करू. एक नमुना कुटुंब घेऊ आणि त्यालाच धरून बोलू.

नवरा हिंगणा एमआयडीसीत ठेकेदारामार्फत, हातात १५ हजार. बायको शिलाई युनिटमध्ये, १२ हजार. मिळून २७ हजार, म्हणजे वर्षाचे ३ लाख २४ हजार. दुसरं कर्ज नाही, दोघांच्याही नावावर कुठंच पक्कं घर नाही, वानाडोंगरीकडे भाड्याने राहतात. या घराला सरकारी धोरण खरंच कुठं उपयोगी पडतं आणि कुठं वाट अडवतं? पक्ष, नेते, निवडणूक बाजूला ठेवा. ज्याचा जो विषय, त्याने त्यात लिहा.

हप्तेवाला

आधी कर्जाची ताकद काढू. ८ टक्के व्याज, २० वर्षं मुदत, तर एक लाखाला हप्ता ८३६ रुपये. या उत्पन्नगटात बँका साधारण ४० टक्क्यांपर्यंत हप्ता बसवतात. २७ हजारांचे ४० टक्के १०,८०० रुपये, म्हणजे कर्ज सुमारे १२ लाख ९० हजार. बायकोचा पगार रोखीत असेल आणि चिठ्ठी नसेल, तर बँक तो धरतच नाही. मग १५ हजारांवर ६ हजारांचा हप्ता आणि कर्ज जेमतेम ७ लाख १७ हजार. घर तेच, माणसं तीच, एका पगारचिठ्ठीने पावणेसहा लाखांचा फरक.

आता व्याजदराचं. २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) फेब्रुवारीतल्या कपातीआधीच्या ६.५० वरून डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आला. गृहकर्ज ९ वरून ८ टक्क्यांवर आलं असं धरा. १०,८०० च्या हप्त्यात आधी १२ लाख मिळत होते, आता १२.९०. एवढीच ती मदत. ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांना हप्ता तसाच दिसत असेल, तर बँकेने बहुधा मुदत कमी केली आहे. विवरणपत्रात उरलेले महिने मोजा. २०१९ च्या ऑक्टोबरआधीचं कर्ज जुन्या पद्धतीवर असेल तर बाह्य दराशी (म्हणजे रेपोसारख्या) जोडून घ्यायचा अर्ज द्या, थोडं शुल्क लागतं.

पण खरी अडचण हप्ता नाही, रोकड आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्केच मिळतात. शिवाय मुद्रांक आणि नोंदणी किमतीत धरता येत नाही (घर १० लाखांच्या आतलं असेल तरच सूट आहे). १४ लाखांचं घर धरू. पदरचे १ लाख ४० हजार, मुद्रांक ७ टक्क्यांनी ९८ हजार, नोंदणी १ टक्का म्हणजे १४ हजार. अडीच लाख रोख, तेही वकील, सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) आणि बँकेची फी सोडून. २७ हजारांत भाडं देऊन हे जमवायला किती वर्षं लागतात ते ज्याने-त्याने काढावं. रेपो शून्य केला तरी या अडीच लाखांतला एक रुपया कमी होत नाही.

गोकुळपेठ_बाजार

१४ लाखांत नागपुरात घर? दाखवा तर खरं राजेहो. आम्ही पण येतो पाहाले.

खसरा_नकाशा

दाखवतो भाऊ. या बजेटमध्ये शहरात तीनच गोष्टी येतात: जुन्या अपार्टमेंटमधला एक बेडरूमचा फ्लॅट, कडेच्या भागातला छोटा आर.एल. प्लॉट आणि त्यावर दोन खोल्या, नाहीतर कच्चा, म्हणजे मंजुरी नसलेल्या लेआउटमधला प्लॉट. दलाल तिसरीच दाखवतो, कारण तीच स्वस्त दिसते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: नागपुरात 'आर.एल.' म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. शेतजमिनीवर मंजुरीविना लेआउट पडले, लोकांनी घरं बांधली, मग सरकारने ते नियमित करायचं ठरवलं. '५७२ लेआउट', '१९०० लेआउट' हे आकडे नागपूरकराच्या तोंडी त्यातूनच आले. असे लेआउट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ चा. त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं आणि भूखंड होते. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आली. त्यानंतर तुकडेबंदीतही (जमिनीचे फार छोटे तुकडे विकायला मनाई करणारा कायदा) सवलत आली: १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ मधले छोट्या तुकड्यांचे व्यवहार रहिवासी क्षेत्रात विनाशुल्क नियमित.

इथं लोक गडबड करतात. तुकडेबंदीतली सूट म्हणजे खरेदीला लागलेला डाग गेला, एवढंच. लेआउट मंजूर झाला, रस्ता-नाली झाली, बांधकाम परवाना मिळाला असा त्याचा अर्थ नाही. ते वेगळं काम आणि त्याचं शुल्क वेगळं. 'आता सगळं लीगल झालं' म्हणत जो कच्चा प्लॉट विकून राहिला, त्याला एकच विचारा: बँकेचं कर्ज होते का?

आणि हे धोरणच कसं उलटतं ते पाहा. दर काही वर्षांनी तारीख पुढे सरकते. लेआउट पाडणारा हे ओळखून असतो. तो आज मंजुरीचा खर्च करत नाही, पैसे घेऊन मोकळा होतो. विकास शुल्क पुढे प्लॉटधारक भरतो, त्या वेळच्या दराने. कच्चा आणि आर.एल. यांच्या भावात जो फरक असतो तो मातीचा नाही, कागदाचा आहे, आणि तो कागद शेवटी गरीब गिऱ्हाइकालाच विकत घ्यावा लागतो.

तपासताना क्रम असा ठेवा. मौजा (गाव), खसरा (जमिनीचा सर्व्हे) नंबर आणि पटवारी हलका (तलाठ्याचा सज्जा) नंबर घ्या आणि पहिल्यांदा विकास आराखड्यातला झोन पाहा. भाग नकाशा मिळतो. आरक्षण निघालं, हरित पट्टा निघाला, नदी-नाल्याची निळी पूररेषा निघाली, तर तिथंच थांबा. गुंठेवारी तिथं कामाची नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर ही रेषा कोणी हसण्यावारी नेऊ नये. मग सातबारा किंवा आखीव पत्रिका (शहरी जमिनीचा मालकी उतारा): नाव कोणाचं आहे? मूळ शेतकऱ्याचंच असेल आणि विकणारा फक्त आममुखत्यारपत्र दाखवत असेल तर त्याने मालकी येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. गृहनिर्माण संस्थेचं नुसतं वाटपपत्र म्हणजे सुद्धा विक्रीपत्र नाही. असेच प्लॉट दोघा-तिघांना विकले जातात.

हप्तेवाला

यात बँकेची बाजू जोडतो. बँकेचा वकील ३० वर्षांचा सर्च काढतो. मधे एक जरी विक्रीपत्र नोंदणीविना, नोटरीवर असेल तर साखळी तुटली. कच्च्या प्लॉटवर ८ टक्क्यांचं कर्ज मिळत नाही. मग माणूस पतपेढी किंवा खाजगी फायनान्सकडे जातो आणि दर कुठल्या कुठं जातो. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेला प्लॉट व्याजात महाग पडतो.

सक्करदरा_ताई

आवास योजनेबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. या कुटुंबासाठी तीच मोठी गोष्ट आहे आणि तीच सगळ्यात जास्त चुकते.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०, सप्टेंबर २०२४ पासून. मूळ मार्गसूचीत तीन गट: वर्षाला ३ लाखांपर्यंत आर्थिक दुर्बल, ३ ते ६ अल्प, ६ ते ९ मध्यम. स्वतःच्या जागेवर बांधायला जे अनुदान मिळतं, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच, ते फक्त पहिल्या गटाला. आपलं कुटुंब ३ लाख २४ हजारांवर, म्हणजे २४ हजारांनी बाहेर! महिन्याला दोन हजार कमी कमावले असते तर अडीच लाख मिळाले असते. पगारवाढीची शिक्षा म्हणतात ती ही. आणि गंमत म्हणजे म्हाडाच्या सोडतीत नागपूर महानगर क्षेत्रात वर्षाला ६ लाखांपर्यंतचं कुटुंब अत्यल्प गटात धरतात. एकाच घराला दिल्ली 'अल्प' म्हणते, मुंबई 'अत्यल्प'. त्यामुळे दोन्हीकडे अर्ज करताना गट एकमेकांवरून उतरवून घेऊ नका, फॉर्म तिथंच बाद होतो.

यांना लागू पडतं ते व्याज अनुदान. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, १२ वर्षांच्या हिशेबाने, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला ३६ हजार. यांच्या १०,८०० च्या हप्त्यात पाच वर्षं महिना ३ हजारांचा आधार. लहान गोष्ट नाही ही.

अटी नीट वाचा: घराची किंमत ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत, चटई (घराच्या आतली वापरायची जागा) १२० चौरस मीटरपर्यंत, आणि कर्ज १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतर मंजूर होऊन वाटप झालेलं. अनुदान सोडण्याच्या वेळी कर्ज चालू हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवं. बोनस आला, सोनं मोडलं म्हणून घाईने मुद्दल भरून निम्म्याखाली आणलं की पुढचे हप्ते थांबले.

थोडे वरच्या उत्पन्नाचे लोक आणखी एका ठिकाणी फसतात. ३० लाखांचा फ्लॅट, बँक म्हणते ९० टक्के घ्या, २७ लाख. घेतले की अनुदान शून्य, कारण मर्यादा २५ लाख. दोन लाख कुठून तरी जमवून कर्ज २५ वर आणलं तर १ लाख ८० हजार मिळतात. बँकेचा माणूस हे स्वतःहून सांगेलच असं नाही, त्याचं टार्गेट कर्जाच्या रकमेवर असते.

गोकुळपेठ_बाजार

म्हणजे ज्याच्याजवळ आधीच दोन लाख आहे त्यालेच एक लाख ऐंशी हजार. वा रे वा.

कामगार_कट्टा

धागाकर्त्याने पगार '१५ हजार' असा एका शब्दात मिटवला. आत काय आहे ते पाहू.

किमान वेतनाचे दोन भाग: मूळ दर आणि विशेष भत्ता. विशेष भत्ता महागाई निर्देशांकाला बांधलेला, १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. मूळ दराचा फेरविचार पाच वर्षांच्या आत व्हायला हवा, पण होतो तेव्हा होतो. परिमंडळ कोणतं, म्हणजे कोणत्या भागाचा दर लागतो, ते प्रत्येक उद्योगाच्या अधिसूचनेत वेगळं लिहिलेलं असतं. महापालिका हद्दीतला कारखाना आणि बुटीबोरीतला कारखाना एकाच दरात बसतील असं गृहीत धरू नका, आपल्या उद्योगाची अधिसूचना काढून वाचा.

आता घराशी संबंध. हा निर्देशांक औद्योगिक कामगारांच्या खर्चाचा. त्यात घरभाडं आहे, तेही सहा महिन्यांतून एकदा नवं धरलं जातं. जमिनीचा भाव, फ्लॅटची किंमत त्यात येतच नाही, कारण घर घेणं हा 'उपभोग' नव्हे, गुंतवणूक मानली जाते. तेव्हा डाळ, गॅस, भाडं वाढलं तर भत्ता मागोमाग वाढतो. खापरीच्या पुढं किंवा उमरेड रोडला प्लॉट दुप्पट झाला तर भत्त्यात चार आणेसुद्धा येत नाहीत. पगार आणि जमीन यांची गाठ धोरणात कुठंच मारलेली नाही. मग 'पगार पुरत नाही' यात नवल ते काय?

घरभाडं भत्त्याचा राज्याचा वेगळा कायदा आहे, १९८३ चा. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत वेतनाच्या ५ टक्के. १५ हजारांवर ७५० रुपये. त्याच नागपुरात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला, शहर 'वाय' गटात असल्याने, महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून मूळ वेतनाच्या २० टक्के. मूळ ३५,४०० असेल तर ७,०८०. घरमालकाला ही दोन माणसं एकाच रांगेत उभी दिसतात. भाडं कोणाकडे पाहून ठरतं ते सांगायला नको.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. वेतनाच्या व्याख्येत आता भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेला की जास्तीचा वेतनात मिळवतात. उदाहरण घ्या: कंपनीचा एकूण खर्च ३० हजार, मूळ वेतन फक्त ९ हजार दाखवलेलं. पीएफ १२ टक्क्यांनी १,०८० कापला जायचा. आता वेतन १५ हजार धरलं की १,८००. कामगाराचे ७२० जास्त गेले आणि मालकाचा हिस्साही त्याच ३० हजारांतून काढला तर आणखी ७२०. हातात १,४४० कमी. हप्तेवाला म्हणतात त्या हिशेबाने ४० टक्के ५७६ रुपये, म्हणजे कर्जाची ताकद ६९ हजारांनी घटली. पैसा बुडाला नाही, पीएफमध्ये गेला, म्हातारपणाला कामाचा. पण आज घर घेणाऱ्याला तो पात्रतेत दिसत नाही.

पगारचिठ्ठीचं मात्र पक्कं करा. संहितेत ती देणं मालकावर बंधनकारक आहे. वेतन खात्यात मागा, रोख नको. पीएफचं पासबुक हाही पुरावा आहे. किमान वेतनापेक्षा कमी मिळत असेल तर दाव्याची मुदत आता तीन वर्षं आहे, आधी सहा महिने होती. हजेरीचे फोटो, गेटपास, बँकेच्या नोंदी जपून ठेवा, तोंडी तक्रार टिकत नाही.

बेसा_पिपळा

बिल्डरकडची बाजू मांडतो, शिव्या नंतर द्या.

स्वस्त फ्लॅट का बनत नाही? जीएसटी पाहा. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के, परवडणाऱ्यावर १. नागपूर जीएसटीच्या नियमात महानगर नाही, म्हणून इथं मर्यादा ९० चौरस मीटर चटई, म्हणजे ९६८ चौरस फूट, आणि एकूण रक्कम ४५ लाख. ४५ लाखांवर कर ४५ हजार. ४६ लाख केले की २ लाख ३० हजार. एका लाखासाठी गिऱ्हाइकाला पावणेदोन लाखांच्या वर भुर्दंड. म्हणून दोन बेडरूमचे कितीतरी फ्लॅट ४४ ते ४५ मध्ये अडकलेले दिसतात. पार्किंगचे, कोपऱ्याच्या फ्लॅटचे पैसे याच रकमेत मोजतात. 'ते वेगळ्या करारात दाखवू' म्हणाले तर होकार देऊ नका, नंतर कराची नोटीस आली की वाद तुमच्या दारात येतो. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या किंवा जुन्या फ्लॅटवर जीएसटी नाही.

हिंगणा_टी_पॉइंट

दादा, आपलं कुटुंब १४ लाखांवर आहे. ४५ लाखांचं काय करायचं?

बेसा_पिपळा

तेच सांगतोय. १८ लाखांच्या फ्लॅटलाही १ टक्का आणि ४४ लाखांच्यालाही १ टक्काच. खाली उतरायचं कारणच धोरणात ठेवलेलं नाही. त्याच जमिनीवर, त्याच लिफ्टवर, त्याच मंजुरीच्या खर्चावर बिल्डर मोठा फ्लॅट बांधतो आणि ४५ च्या कडेला थांबतो.

जमिनीचा खर्च सरकारी दराला कसा बांधलाय तेही पाहा. वार्षिक मूल्यदर तक्ता, आपण रेडी रेकनर म्हणतो तो, १ एप्रिल २०२५ ला तीन वर्षांनी वाढला. त्या एका आकड्यावर गिऱ्हाइकाचा मुद्रांक ठरतो, बिल्डरचं विकास शुल्क ठरतं आणि अधिमूल्य देऊन घ्यायच्या चटई निर्देशांकाची (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) किंमतही. दर वाढला की तिन्ही वाढतात आणि तिन्ही शेवटी फ्लॅटच्या भावात येऊन बसतात. उलट काही भागांत सौदा रेडी रेकनरच्या खाली होतो. तिथं १० टक्क्यांच्या वर फरक गेला तर आयकरात विकणारा आणि घेणारा दोघंही अडकतात.

मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत चार चटई निर्देशांक मिळू शकतो. कागदावर घरं वाढायला हवीत. होतं असं की जमीनमालक तो चार आधीच भावात धरून बसतो. दुसऱ्या टप्प्यात लोकमान्य नगर ते हिंगणा आणि खापरी ते बुटीबोरी मार्ग आहेत. गाडी यायच्या आधी भाव आला.

खसरा_नकाशा

४,००० चौरस मीटरचा नियमही लिहा ना, तो का गाळला?

बेसा_पिपळा

गाळला नाही, येतच होतो. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीत १० लाखांवर लोकसंख्येच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा मोठ्या प्रकल्पात मूळ निर्देशांकाच्या २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प गटासाठी, ३० ते ५० चौरस मीटरची, म्हाडाच्या सोडतीतून. आपल्या नमुना कुटुंबासाठी शहराच्या आत हीच खरी जागा. पण रेषा आखली की रेषेच्या अलीकडे उभं राहणारे निघतातच. ३,९०० चौरस मीटरच्या प्रकल्पाला हे बंधन शून्य, ४,००० ला पूर्ण. पायरीपायरीने ठेवलं असतं तर ही पळवाट राहिली नसती. म्हाडाच्या नागपूर मंडळाची जाहिरात आली की २० टक्क्यांतली घरं कोणती ते आधी पाहत जा, बहुतेक लोक फक्त म्हाडाच्या स्वतःच्या इमारती पाहतात.

रेती_गिट्टी

बांधायच्या खर्चावर कोणी बोलून नाही राहिलं. प्लॉट घेतला, पुढं?

४५० चौरस फूट धरा. ढोबळ हिशेब: सिमेंट फुटाला ०.४ पोती, म्हणजे १८०. रेती फुटाला १.८ घनफूट, ८१० घनफूट, १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ८ ब्रासच्या वर. लोखंड फुटाला साडेतीन ते चार किलो, १.६ ते १.८ टन. काळ्या मातीत पाया खोल जातो, तिथं आकडा वर सरकतो. नागपुरात ही चूक फार होते: दोन फूट खणून पिलर उभे करतात, पहिल्या उन्हाळ्यात माती आकसते, भिंतीला तिरपी भेग. मुरूम लागेपर्यंत खणा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ झाला. ३५० चं पोतं ३२३ ला यायला हवं. १८० पोत्यांत पाच हजारांच्या आत वाचले. चांगलं आहे, पण पेपरात जेवढं गाजलं तेवढं नाही.

रेतीचं धोरण मात्र खरं नुकसान करते. २०२३ मध्ये डेपोवरून ६०० रुपये ब्रास ठरले, २०२५ मध्ये ते सोडून पुन्हा घाटांचा लिलाव आला. पावसाळ्यात १० जून ते ३० सप्टेंबर उपसा बंद, भाव चढतो. कन्हान-वैनगंगेच्या रेतीवर बसून राहाल तर स्लॅब दिवाळीपर्यंत लांबतो. जोडाईला आणि काँक्रीटला दगडाची कृत्रिम रेती चालते. प्लास्टरला चाळून घ्या. घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत मोफत आहे, वाहतूक आपली. ८ पैकी ५ सुटले तरी पुष्कळ. मात्र त्यासाठी नाव घरकुलाच्या यादीत पाहिजे, आणि यादीत यायला प्लॉटचा कागद पाहिजे. झाली का गोल गोल फिरून तीच गोष्ट?

अनुदानाच्या घरात चटई ३० ते ४५ चौरस मीटर, म्हणजे ४८४ फुटांच्या आत. 'एक खोली जास्त काढून घेऊ' म्हणून पाया मोठा टाकला की जिओ-टॅग फोटोत दिसते आणि पुढचा हप्ता अडकतो. वाढवायचं असेल तर पिलरचे गज वरच्या मजल्यासाठी सोडा, खालचा पाया नका पसरवू.

कामगार_कट्टा

रेती_गिट्टी, ठिय्यावरच्या (रोजंदारीसाठी उभं राहायच्या नाक्यावरच्या) माणसाचंही लिहा. घर बांधणारा मिस्त्री आणि रेजा (बाई मजूर) हेही याच धाग्यातलं कुटुंब आहे.

रेती_गिट्टी

बरोबर. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतात, तो बांधकाम कामगार मंडळात जातो. तिथून मुलांची शिष्यवृत्ती, आजारपण, घरासाठी साहाय्य. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६०. अडते इथंच: ठिय्यावरचा माणूस आज एका मिस्त्रीकडे, उद्या दुसऱ्याकडे. ९० दिवसांचा दाखला कोण देईल? वेगवेगळ्या ठेकेदारांचे दाखले जोडता येतात, ग्रामीण भागात ग्रामसेवक, शहरात महापालिकेकडून मिळते. दलाल त्याचेच पैसे घेतो. नूतनीकरणाची तारीख चुकली तर लाभ थांबतो, पावती लॅमिनेट करून ठेवा.

सक्करदरा_ताई

भाड्याचं एक वाक्यात: लिव्ह अँड लायसन्स नोंदणीकृतच करा, ११ महिन्यांचं असलं तरी. महिना ९ हजार आणि ५० हजार ठेव असेल तर मुद्रांक एकूण भाडं आणि ठेवीवर धरलेलं व्याज यांच्या ०.२५ टक्के, तीनशेच्या आत, नोंदणी शहरात १,०००. नोटरीवरचा करार आवास योजनेत, शाळेत, गॅसला पत्त्याचा पुरावा म्हणून अडतो.

आणि मुद्रांकाचं. बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, १४ लाखांवर १४ हजार. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की सूट गेली. आवास योजनेला संयुक्त नाव चालतं, मुद्रांकाच्या सवलतीला चालत नाही. घर तिच्या नावावर आणि नवरा फक्त सहकर्जदार, असं बँकेत करता येतं. १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही अट २०२३ मध्ये काढली, तरी दलाल अजून तिचीच भीती घालतात.

हिंगणा_टी_पॉइंट

आता नेमकं विचारतो. या कुटुंबाकडे दोन लाख साठलेत. प्लॉटवाला म्हणतो, आज ५० हजार बयाना (इसार) द्या, भाव उद्या वाढेल. क्रम कसा लावायचा?

हप्तेवाला

बायकोचा पगार आजपासून खात्यात. सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की बँकेकडून आधी पात्रतेचं पत्र घ्या, घर नंतर शोधा. मला विचाराल तर दोन लाखांत आणखी थोडी भर घालून जुना फ्लॅट जास्त जमतो: जीएसटी नाही, बांधकामाची वाट नाही, भाडं त्याच महिन्यात बंद. फक्त मंजूर नकाशात तो मजला आहे का पाहा, वरचा मजला अनधिकृत निघतो. अपार्टमेंटची घोषणापत्राची नोंद आणि विक्रीपत्रातला जमिनीचा अविभक्त हिस्सा जुळवा. ३६ हजारांचं व्याज अनुदान जुन्या फ्लॅटलाही लागू आहे.

खसरा_नकाशा

मी प्लॉटच म्हणेन, पण आर.एल. असलेलाच. आणि बयाना सगळ्यात शेवटी. आधी झोन, मग आखीव पत्रिका, मग सर्च, मग बँकेच्या वकिलाचा होकार, मग बयानापत्र, चेकने, 'कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत' हे वाक्य त्यात लिहून. नवीन लेआउट ५०० चौरस मीटरच्या वरचा असेल तर महारेराचा नंबर मागा. तिथं नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांच्या वर घेताच येत नाहीत.

गोकुळपेठ_बाजार

आर.एल. पत्रात १२६ चौरस मीटर लिहिलंय आणि दलाल १,५०० फूट म्हणून राहिला. कोण खरं?

खसरा_नकाशा

दोघंही आपापल्या जागी. १,५०० विक्रीपत्रातलं, त्यातला तुकडा नियमितीकरणाच्या नकाशात रस्त्यात गेला. १२६ गुणिले १०.७६४, म्हणजे १,३५६ चौरस फूट. बँक १,३५६ च धरेल, बांधकाम परवाना पण तेवढ्यावरच मिळेल. भाव त्यावरच करा.